माणूस उठून गेल्यावर रानाचं काय होतं? चेर्नोबिल, फुकुशिमा आणि आपली जुनी गावठाणं

कोरडवाहू

आमच्या गावच्या ग्रुपवर परवा एक फॉरवर्ड आलं. चेर्नोबिलचं नंदनवन झालंय, घोडे चरायलेत, लांडगे हिंडायलेत, तेव्हा किरणोत्सर्ग वगैरे सगळा बागुलबुवा आहे. संध्याकाळी दुसरं आलं: तिथं दोन तोंडांची वासरं जन्मतात आणि उंदीर मांजराएवढे झालेत. दोन्ही एकाच गड्यानं टाकलेली. त्याला विचारलं, बाबा रे, तुझं नेमकं म्हणणं काय? तर म्हणे, "माहिती म्हणून टाकलं."

म्हणून हा धागा. जेवढं पक्कं आहे तेवढं लिहितो, भर घाला.

२६ एप्रिल १९८६ ला मध्यरात्रीनंतर युक्रेनमधल्या (तेव्हाचा सोव्हिएत संघ) चेर्नोबिलची चार नंबरची अणुभट्टी फुटली. शेजारचं प्रिप्यात हे ४९ हजार वस्तीचं शहर दुसऱ्या दिवशी दुपारी बसगाड्या लावून रिकामं केलं. लोकांना सांगितलं, तीन दिवसांचा प्रश्न आहे. कुत्री-मांजरं मागंच राहिली. त्या वर्षभरात १ लाख १६ हजार माणसं उठवली. आज युक्रेनच्या बाजूला सुमारे २,६०० चौरस किलोमीटर आणि सीमेपलीकडं बेलारूसमध्ये २,१०० च्या वर, एवढा मुलूख जवळजवळ माणसाविना आहे. अख्खा हिंगोली जिल्हा रिकामा केला म्हणा.

पहिला फटका पाइनच्या झाडांना बसला. भट्टीजवळचा चार ते सहा चौरस किलोमीटरचा पट्टा थोड्याच दिवसांत उभ्या उभ्या वाळून विटकरी झाला. त्याला लाल जंगल म्हणतात. तिथल्या झाडांना ६० ग्रेच्या वर मात्रा बसली होती (ग्रे म्हणजे अंगात मुरलेल्या किरणांचं माप). माणसाला उपचार मिळाले नाहीत तर चार-पाच ग्रेमध्येच खेळ आटोपतो. त्याच पट्ट्यातली बर्चची झाडं मात्र बऱ्यापैकी तगली. पाइनची गुणसूत्रं मोठी, त्यामुळं किरणांचा मारा जास्त लागतो. शिवाय झाड सदाहरित, सुया बारमाही अंगावर, त्यावर भट्टीची धूळ बसून राहिली. मेलेलं जंगल बुलडोझरनं आडवं करून तिथंच चर खणून पुरलं. त्यावर पुढं बर्च आणि गवत माजलं.

उंदीर-घुशींची संख्या त्या हंगामात कोसळली, पण एक-दोन वर्षांत बाहेरून येऊन जागा भरल्या. ही "बाहेरून येऊन" गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

मोठ्या जनावरांचं म्हणाल तर २०१५ मध्ये बेलारूसच्या बाजूचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हेलिकॉप्टरमधून केलेल्या गणनेचे जुने आकडे आणि बर्फातल्या पावलांच्या नोंदी मांडून बघितलं. एल्क, हरणं, रानडुकरं ही त्या भागातल्या चार स्वच्छ अभयारण्यांत असतात तेवढीच. लांडगे मात्र सात पटींहून जास्त. युक्रेननं १९९८ नंतर प्रझेवाल्स्की जातीचे तीसेक रानघोडे सोडले होते, ते आता शंभराच्या वर गेलेत. बेलारूसच्या राखीव भागात युरोपातले रानबैल (बायसन) आणले, तेही टिकले. २०१४ मध्ये कॅमेऱ्यात अस्वल सापडलं. सोव्हिएत काळात शेतीसाठी चर मारून दलदली कोरड्या केल्या होत्या, बीव्हरांनी (लाकडं रचून ओढे अडवणारा प्राणी) ते चर अडवून पाणी पुन्हा पसरवलं.

आता नाण्याची दुसरी बाजू. डेन्मार्कचे अँडर्स मोलर आणि अमेरिकेतले टिमोथी मुसो यांनी अनेक वर्षं तिथं पाखरं आणि किडे मोजले. जिथं माती जास्त तापलेली (किरणांनी, उन्हानं नव्हे) तिथं पाखरं कमी, फुलपाखरं-भुंगे-कोळी कमी. भिंगऱ्यांच्या अंगावर पांढरी पिसं आलेली. २०१४ च्या त्यांच्या एका कामात दूषित जागी पालापाचोळा कुजायचा वेग खूप कमी आढळला. फ्रान्सच्या एका गटाला नंतर तसं आढळलं नाही. भांडण चालू आहे, आणि मला वाटतं ते तसंच राहणार, कारण तिथं एका शेतात माती जबर दूषित आणि बांधापलीकडं जवळपास स्वच्छ, असा ठिपक्याठिपक्यांचा मामला आहे. कुठं मोजलं त्यावर उत्तर ठरतं.

माझं म्हणणं एवढंच. किरणोत्सर्गानं रान वाढवलेलं नाही. त्यानं माणूस बाहेर ठेवला, रान आपोआप वाढलं. राखणदार विषारी निघाला इतकंच. आणि हे पटवायला मी युक्रेनऐवजी किल्लारीकडं बोट दाखवीन. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात लातूर-धाराशिवची ५२ गावं पडली, ती दुसऱ्या जागी बसवली. जुनी गावठाणं तीस वर्षांच्या वर ओस आहेत, विष नाही, काही नाही. तिथं काय आलं? वेडी बाभूळ, बोरी, रुई, घाणेरी, गाजर गवत. का? गाव हललं पण शेती तिथंच राहिली. शेरडं रोज चरतात, सरपणाला रोज कुऱ्हाड लागते, ढिगाऱ्यातले चांगले दगड लोकांनी बांधाला नेले. गाव उठलं, माणूस उठलाच नाही.

गोदाकाठ

जबरदस्त. वाचनखूण साठवली. निवांत प्रतिसाद देतो.

बालाघाटी

दादा, एवढं लांब युक्रेनला कशाला जाता, दिवाळीनंतर आमच्याकडं या. दसरा झाला की ऊसतोडीला कोयते निघायला लागतात. मुकादमाची उचल घेतलेली असती, थांबून चालत नाही. तांड्याला कुलपं. गावात म्हातारी-कोतारी आन् शाळेची लेकरं. पाडव्याच्या आसपास माणसं माघारी.

ह्या चार-पाच महिन्यात रानडुकरं पार उकिरड्यापोतर येतात. रब्बीची ज्वारी हुरड्यात आली की एका रात्रीत निम्मं रान लोळवितात. खाऊन जातील तर परवडलं, पर ते खातंय कमी आन् तुडवितंय जास्त. मागल्या साली हरभऱ्याचा पंचनामा झाला, फोटो काढले, अर्ज दिला. त्याचं पुढं काय झालं ते तुमच्या अस्वलाला ठाऊक.

तवा निसर्ग सावरला सावरला म्हणता ते कुणाच्या जिवावर, हे बी लिहा.

मास्तर_परभणी

धागा उत्तम, पण दोन ठिकाणी हात आखडता घेतलात असं वाटलं.

एक, लांडगे सातपट हा आकडा लोक फार उड्या मारून सांगतात. तो कशाच्या तुलनेत? आजूबाजूच्या अभयारण्यांच्या. त्या अभयारण्यांत लांडगा मारला जातो, निदान आजूबाजूच्या गावांत तरी मारला जातो. चेर्नोबिलमध्ये शिकार जवळपास बंद. म्हणजे सातपट हा आकडा माणसाच्या बंदुकीचं माप आहे, जंगलाच्या तब्येतीचं नाही.

दोन, तुम्ही स्वतःच लिहिलंत की उंदीर बाहेरून येऊन भरले. मग आत जन्मणारे जास्त आणि मरणारे कमी, की आत मरतात आणि बाहेरून येत राहतात? नुसती मोजदाद करून हे कळत नाही. आमच्या विहिरीत उन्हाळ्यातसुद्धा पाणी दिसतं, पण ते झऱ्याचं की कॅनॉलच्या पाझराचं हे कॅनॉल बंद झाल्यावरच कळतं.

कोरडवाहू

मास्तर, दोन्ही मान्य. बाहेरून येणारा लोंढा हा खरा अडचणीचा मुद्दा आहे. लांडग्यांच्या बाबतीत उलटंही दिसलंय. गळ्यात माग काढायचा पट्टा घातलेला एक तरुण लांडगा चेर्नोबिलमधून निघून शेकडो किलोमीटर बाहेर गेला. म्हणजे निदान काही जनावरं आत वाढून बाहेर जातायत.

बालाघाटी, तुमच्या डुकरांना जपानच्या फुकुशिमात भाऊबंद आहेत. ११ मार्च २०११ चा भूकंप आणि त्सुनामी, त्यात भट्ट्या गेल्या, दीड लाखांवर माणसं उठली. पाठोपाठ रानडुकरं डोंगरावरून भातखाचरांत आणि तिथून गल्लीत आली. २०२० मध्ये तिथल्या कॅमेऱ्यांचा अभ्यास आला. २ लाख ६७ हजार फोटो, २० च्या वर जाती. नुसत्या रानडुकरांचे ४६ हजार फोटो, त्यातले २६ हजार माणूस अजिबात नसलेल्या पट्ट्यातले आणि माणसं राहतात त्या भागातले ७ हजार. किरणोत्सर्ग कमी-जास्त असल्यानं जनावरांच्या संख्येत फरक पडलेला त्यांना दिसला नाही. उंची, झाडी, माणूस यांनी पडला.

गोठ्यांतून सुटलेली पाळीव डुकरं त्यांच्यात मिसळली, संकर झाला. पण पिढीगणिक पाळीव डुकराचा अंश विरत गेल्याचं जनुकांवरून दिसलं.

लातूर_ते_पुणे

कोरडवाहूदादा, किल्लारीचा उल्लेख वाचून लिहावंसं वाटलं. आमचं गाव त्या ५२ मधलंच, नाव मुद्दाम लिहीत नाही. भूकंप झाला तेव्हा मी आजोळी होते म्हणून आज लिहितेय.

तुम्ही गावठाणाचं वर्णन बरोबर केलंत, फक्त एक राहिलं. नवीन गाव म्हणजे रांगेत प्लॉट, सरळ रस्ते, ओसरी नाही की माळवद नाही. आत्याबाई कितीतरी वर्षं सकाळी उठून जुन्या गावी जायच्या. मारुतीला पाणी घालायचं, पडक्या वाड्याच्या जोत्यावर बसायचं, आणि ऊन चढलं की परत. चालताना वाटेत मेलेल्यांची नावं घेत जायच्या, घरागणिक. कोणी अडवलं की म्हणायच्या, "मी कुठं राहायला जायलेय? बगून येते."

चेर्नोबिलला पण काही म्हाताऱ्या परत गेल्या असं कुठंतरी ऐकलंय. खरं आहे का? त्यांनी खाल्लं काय?

कोरडवाहू

ताई, खरं आहे. पहिल्या वर्षा-दोन वर्षांत हजाराच्या वर माणसं गुपचूप परत शिरली. बहुतेक उतारवयाच्या, त्यात बायकाच जास्त. सुरुवातीला पोलीस काढून द्यायचे, पुढं सरकारनं काणाडोळा केला. आता फार थोडी उरलीत. बटाटे लावायच्या, कोंबड्या पाळायच्या, जंगलातली अळंबी-बोरं आणायच्या. अळंबी आणि रानबेरी हाच तिथला सगळ्यात दूषित माल, कारण सीझियम (भट्टीतून उडालेलं किरणोत्सारी मूलद्रव्य) जमिनीच्या वरच्या थरात राहतं आणि बुरशी ते उचलते.

वयानं त्यांना तारलं असं म्हणावं लागेल. कॅन्सर उगवायला वर्षं लागतात, आणि तेवढी वर्षं हाताशी नव्हतीच. पोरांचं तसं नाही. भट्टीतून निघालेलं आयोडीन-१३१ गवतावर, गवतातून गाईत, दुधातून पोरांच्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत. त्याचं अर्धं आयुष्य (निम्मं संपायला लागणारा काळ) फक्त ८ दिवस, म्हणजे दोन-तीन महिने दूध बंद ठेवलं असतं तर बरंच टळलं असतं. वेळेवर सांगितलंच नाही. २००५ पर्यंत त्या भागात तेव्हा लहान असलेल्यांमध्ये थायरॉइड कॅन्सरच्या ६ हजारांवर केसेस नोंदल्या गेल्या. उपचार होतो म्हणून मृत्यू कमी, पण गळ्यावरची खूण आणि रोजची गोळी जन्माची.

म्हणून रानघोड्यांचे फोटो बघून "काहीच झालं नाही" म्हणणाऱ्याचा मला राग येतो. रानघोडा साधारण वीस-पंचवीस वर्षं जगतो. पंधरा-वीस वर्षांनी होणारा आजार त्याला गाठायच्या आधी लांडगा गाठतो.

औंढ्याचा_राजू

आमच्याकडं औंढा नागनाथला अणुऊर्जावाल्यांचं काम चालू आहे की हो! जमीन घेतली, कुंपण झालं. गावात लोक म्हणतेत पाऊस पडणार नाही, म्हशी आटतेल. आमचं पण चेर्नोबिल करायलेत का?

मास्तर_परभणी

राजू, ते लायगो. गुरुत्वीय लहरी मोजायची वेधशाळा. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या काटकोनात, आत निर्वात पोकळी आणि लेसरचा किरण. दूर कुठं दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की नळीची लांबी अणूच्या केंद्रकापेक्षाही कमी हलते, ते पकडायचं यंत्र. अणुभट्टी नाही, युरेनियम नाही. अणुऊर्जा विभाग पैसे देतो म्हणून पाटीवर नाव आहे. २०२३ मध्ये केंद्रानं पूर्ण बांधकामाला मंजुरी दिली. म्हशी आटल्या तर पेंडीचा भाव बघ.

औंढ्याचा_राजू

हाव सर. गावात सांगतो. ऐकणार नाहीत, पण सांगतो.

विचारवंत_४२०

हे सगळं अणुऊर्जा कंपन्यांचं कारस्थान आहे. लांडगे, घोडे वगैरे दाखवायचे आणि उद्या जैतापूर रेटायचं. धागाकर्त्याला किती मिळाले?

कोरडवाहू

मिळाले असते तर बोअरची मोटर बदलली असती.

संपादक

जैतापूर, एन्रॉन आणि एकमेकांची पाकिटं यांसाठी वेगळे धागे आहेत. इथं विषयावरच लिहावं.

काळी_कसदार

मी माती परीक्षणाच्या लॅबमध्ये काम करतो, त्यामुळं झाडा-जनावरांपेक्षा माझं लक्ष जमिनीकडं जातं.

सीझियम-१३७ झाडाच्या मुळांना पोटॅशसारखं दिसतं. दोन्ही एकाच गटातली मूलद्रव्यं. जमिनीत पोटॅश कमी पडलं की मूळ हाताला लागेल ते उचलतं, म्हणजे सीझियमही. फुकुशिमात भातखाचरांना म्हणूनच पोटॅश दिलं. १०० ग्रॅम मातीत २५ मिलिग्रॅम पोटॅश ही पातळी गाठायची, असं शेतकऱ्यांना ठरवून दिलं होतं. २०१२ पासून तिथं तांदळाचं एकूण एक पोतं यंत्राखालून जायचं, वर्षाला सुमारे एक कोटी पोती. मर्यादा किलोला १०० बेकरेल (किरणोत्सर्ग मोजायचं माप). २०१५ पासून एकही पोतं मर्यादेबाहेर गेलेलं नाही. आपल्याकडं सोयाबीनला डीएपीच्या दोन गोण्या टाकून पोटॅशला हात न लावणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

दुसरं, चिकणमाती सीझियमला धरून ठेवते. इलाइट नावाचं खनिज असेल तर त्याच्या पापुद्र्यांच्या कडांमध्ये ते असं अडकतं की सहसा सुटत नाही. चेर्नोबिलच्या भागातली जमीन वाळूची आणि दलदलीच्या कुजकट थराची. तिथं सीझियम मोकळं फिरतं, म्हणून गवतात, दुधात, अळंबीत येत राहतं. आपली काळी माती चिकण आहे खरी, पण तिच्यात मुख्यतः स्मेक्टाइट. भेगा पडतात त्या त्याच्यामुळं. ते धरतं, पण इलाइटएवढं घट्ट नाही.

स्ट्रॉन्शियम-९० कॅल्शियमची नक्कल करतं, हाडात बसतं. सीझियमचं अर्धं आयुष्य ३० वर्षं, स्ट्रॉन्शियमचं साधारण २९. म्हणजे १९८६ मध्ये पडलेल्यातलं निम्म्याहून थोडं जास्त आत्ताशी संपलंय. प्लुटोनियम-२३९ चा हिशोब २४ हजार वर्षांचा. तो करायला कुणी उरत नाही.

फुकुशिमात घरं-शेतांवरून पाच सेंटिमीटर माती खरवडून काळ्या पिशव्यांत भरली. सगळा मिळून १ कोटी ४० लाख घनमीटरच्या आसपास माल झाला. पाच सेंटिमीटर म्हणजे वरचा जिवंत थर. माती स्वच्छ झाली, पण कस गेला, वर डोंगरातला मुरूम आणून टाकला. जंगलाला हातही लावला नाही. फक्त घरालगत वीस मीटरपर्यंतचा पाला काढला. डोंगर तसाच आहे.

गोदाकाठ

@काळी_कसदार, पाच सेंटिमीटर माती खरवडली हे वाचून पोटात गोळा आला. आमच्याकडं गाळाची ट्रॉली मिळावी म्हणून लोक रात्र रात्र जागतात.

निवांत लिहितो म्हटलं होतं, तर जायकवाडीचं लिहितो. माणूस उठवला आणि पाखरं आली, असं उदाहरण आपल्याकडं नाथसागराचं. धरणात गावं गेली, १९७६ मध्ये धरण पुरं झालं, पुढं पक्षी अभयारण्य जाहीर झालं. हिवाळ्यात रोहित येतात, बदकांचे थवे येतात. पण कोरडवाहू म्हणतात तेच. पाणी उतरलं की काठाला लोक गाळपेर करतात. जाळी, थर्माकोलचे तराफे, पंपसेट, सगळं आहे. माणूस पाण्याच्या रेषेबरोबर मागं-पुढं सरकतो. आणि ज्यांची गावं गेली त्यांच्या नातवंडांनी गाळपेर करू नये असं मी तरी कोणत्या तोंडानं सांगू?

जीन्स_आणि_जनुकं

ताई-दादांनो, दोन तोंडांच्या वासरांचं कोणीच निस्तरलं नाही, म्हणून लिहिते.

विकृत जन्म झाले नाहीत असं नाही. पण जंगलात अशी पिल्लं तासाभरातच कोणाच्या तरी पोटात जातात, दिसायला उरत नाहीत. उरतं ते बारीक. स्पेनच्या संशोधकांनी तिथल्या झाडबेडकांचा रंग मोजला. बाहेरचे हिरवे, आतले काळपट, काही तर पार काळे. २०२२ मध्ये ते छापून आलं. मेलॅनिन (कातडीला काळा रंग देणारं द्रव्य) किरणांपासून थोडं वाचवतं, त्यामुळं स्फोटानंतरच्या पहिल्या काळात गडद बेडूक जास्त तगले असावेत, असा त्यांचा तर्क. आजच्या किरणांच्या पातळीशी रंगाचा संबंध लागला नाही. जुन्या माराची खूण नव्या पिढ्यांवर, असं ते म्हणतात.

कुत्र्यांचंही तेच. सोडून दिलेल्या पाळीव कुत्र्यांची पिल्लावळ भट्टीच्या आवारात आजही आहे. २०२३ मध्ये ३०२ कुत्र्यांचा डीएनए तपासला, तर भट्टीजवळची कुत्री आणि पंधराएक किलोमीटरवरच्या चेर्नोबिल गावातली कुत्री वेगळी ओळखू आली. लगेच बातम्या, उत्परिवर्ती कुत्री! अभ्यासात तसं म्हटलेलंच नाही. चार पिढ्या आपसातच लग्नं लावली की कोणतंही घराणं वेगळं ओळखू येतं.

भट्टीच्या भिंतीवर काळी बुरशी सापडली ती "किरणं खाते" हेही असंच. मेलॅनिनवाली बुरशी किरणांत जास्त वाढते असं प्रयोगात दिसलं. खाते का, हे सिद्ध झालेलं नाही.

मास्तर_परभणी

लग्नं लावली! हाहा. शाळेत हेच उदाहरण देणार, कुत्रं वगळून.

माळावरचा

सगळे जंगल जंगल करताय म्हणून माळाची बाजू मांडतो. आपला लांडगा झाडीत राहत नाही, माळावर राहतो. धनगराच्या वाड्यामागं फिरतो, कोकरू उचलतो, ससा-उंदीर खातो. मराठवाड्यात माणूस हटला आणि वेडी बाभूळ माजली तर लांडगा, खोकड, धाविक, चंडोल यांचं नुकसानच आहे. वरून वनीकरणवाले माळ म्हणजे पडीक समजून खड्डे घेतात ते वेगळंच. चेर्नोबिलमध्ये शेतं सोडली ती पाइन-बर्चनं भरली, कारण तिथली मूळ प्रकृतीच जंगल-दलदलीची. आपल्याकडं सावरणं म्हणजे झाडं वाढणं नव्हे. पवन्या, कुसळी, मारवेल उभं राहिलं पाहिजे.

आणि आपल्याकडं काहीच येत नाही असंही नाही. २०२४ च्या डिसेंबरात येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात कॅमेऱ्यात वाघ आला. टिपेश्वरचा. यवतमाळ जिल्ह्यातून शेतं, रस्ते, कॅनॉल ओलांडत धाराशिवपर्यंत. ते अभयारण्य जेमतेम २२ चौरस किलोमीटर. वाघाला कोणी आवताण दिलं नव्हतं.

लातूर_ते_पुणे

येडशीच्या वाघावरून आमच्या ग्रुपवर महिनाभर नुसता धुरळा होता. भाऊजी रात्री मोटर चालू करायला गेले की वहिनी दारात उभ्या.

काळी_कसदार

प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटाचं कोणी लिहिलं नाही, दोन ओळी टाकतो. १९४६ मध्ये अमेरिकेनं तिथल्या १६७ जणांना उठवलं आणि पुढं १९५८ पर्यंत २३ अणुस्फोट केले. १ मार्च १९५४ चा ब्राव्हो १५ मेगाटनचा, त्यानं समुद्रात दोनेक किलोमीटर रुंदीचा खड्डा पाडला. २००८ मध्ये शास्त्रज्ञ बुड्या मारून आले, तर खड्ड्यात प्रवाळ उभं, काही फांद्या माणसाच्या मांडीएवढ्या. तरी आधी नोंदलेल्या काही जाती गायब. सत्तरच्या दशकात काही कुटुंबं परत गेली, नारळ खाल्ले, आणि १९७८ मध्ये पुन्हा उठवावी लागली. नारळात सीझियम. तिथली जमीन प्रवाळाची, पोटॅशला मोताद. मग प्रयोग केले, पोटॅश दिलं की नारळातलं सीझियम घटतं. माशाला जी जागा चालते ती नारळ खाणाऱ्याला चालत नाही.

बालाघाटी

काळी_कसदार साहेब, तुमचं पोटॅश पटलं, औंदा टाकतो.

कोरडवाहू दादाला एक विचारायचंय. समजा आमच्या डोंगराची हजार एकर गावानं सोडून दिली. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी. किरणं नाहीत, राखणदार नाही. होईल का काही? का नुसती वेडी बाभूळ?

कोरडवाहू

होतं. हिवरे बाजारला गावानं ठरवून केलंच की. जनावर सोडायचं नाही, गवत मात्र कापून न्यायची मुभा. गवत वाढलं, दूध वाढलं. फक्त सुरुवातीची तीन-चार वर्षं वेडी बाभूळ मुळासकट काढत राहावं लागेल, नाहीतर माळावरचा म्हणतात ते होईल. आणि चेर्नोबिलसारखं नुसतं सोडून चालत नाही. तिथं सोडल्यामुळं वाळकं साठत गेलं, २०२० च्या एप्रिलात मोठा वणवा लागला, जमिनीतलं सीझियम धुरात वर गेलं. २०२२ मध्ये तर रशियन फौज आली, लाल जंगलात खंदक खणले, जाताना सुरुंग पेरून गेली. आता तिथं मोजणी करायला जाणाऱ्यालाही आधी पाय कुठं ठेवायचा ते बघावं लागतं.

तुमच्या हजार एकरांत रोही आणि डुकरं वाढणार, हे आधीच सांगून ठेवतो. त्याला उपाय लांडगा. लांडगा टिकला तर डुकरांची पिल्लं कमी होतात.

बालाघाटी

लांडगा आला की आधी माझी शेरडं जातेल, मग डुकराची पिल्लं. म्हातारीची सहा शेरडं हायेत, तिला ईचारतो. शेरडामागं रोख पैसे त्याच आठवड्यात हातात पडत असतील तर ग्रामसभेत विषय मांडतो. पंचनाम्यावर सोडायचं असंल तर नगं.